क्रेव्हन कॉटेज: नदीकाठचं जुनं मैदान

लंडनच्या फुलहॅम भागातला स्टीव्हनेज रोड हा साधा रहिवासी रस्ता आहे. एका बाजूला दुमजली घरांची सलग रांग, प्रत्येक दारापुढे वीतभर बाग. दुसऱ्या बाजूला तांबड्या विटांची लांबच लांब भिंत, ठरावीक अंतरावर खिडक्या, मधोमध त्रिकोणी माथा आणि त्यावर क्लबचं नाव. अनोळखी माणसाला ही जुनी शाळा वाटेल. भिंतीमागे आहे फुलहॅम फुटबॉल क्लबचं मैदान, क्रेव्हन कॉटेज. इथे १८९६ पासून फुटबॉल खेळला जातो. ही भिंत ज्या स्टँडची आहे तो १९०५ सालचा. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये आजही वापरात असलेल्या स्टँडांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो.

मी मूळची कोल्हापूरची, पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुन्या इमारतींच्या तुळया, खांब आणि जोड तपासणं हे माझं रोजचं काम. फुटबॉल मात्र माहेरहून आलेला. आमच्या घरातले सगळे पाटाकडीलचे, मामा तेवढे दिलबहारचे. शाहू स्टेडियमवर या दोन टीम समोरासमोर आल्या की आदल्या दिवशीपासून मामांचं आमच्याकडे येणं बंद व्हायचं. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी वाढवला. आखाड्यात घुमणाऱ्या पोरांनीच चेंडू पायात घेतला आणि तालमीचं नाव टीमला दिलं. खंडोबा, बालगोपाल, पाटाकडील, दिलबहार ही नावं उच्चारली की कोल्हापूरकराला खेळाडू आठवायच्या आधी ती गल्ली, तो कट्टा आणि तिथली माणसं आठवतात.

फुलहॅमचा जन्मही असाच वस्तीत झाला. १८७९ मध्ये सेंट अँड्र्यूज चर्चच्या रविवारच्या शाळेतली मंडळी क्रिकेट आणि फुटबॉल खेळायला एकत्र आली. ‘फुलहॅम सेंट अँड्र्यूज’ या नावाने ती खेळायची. १८८८ मध्ये नावातलं चर्च गेलं आणि वस्तीचं नाव राहिलं. क्लबला स्वतःचं मैदान नव्हतं, आज इथे तर उद्या तिथे असा मुक्काम चालायचा. १८९४ मध्ये थेम्सच्या काठावर झाडाझुडपांनी भरलेली एक पडीक जागा त्यांच्या नजरेत आली. विल्यम क्रेव्हन नावाच्या सरदाराने १७८० मध्ये तिथे एक बंगली बांधली होती. एडवर्ड बुलवर-लिटन हे कादंबरीकार काही काळ तिथे राहिले. १८८८ च्या आगीत ती बंगली जळाली, मागे फक्त जागेचं नाव उरलं. जागा साफ करून मैदान तयार करायला दोन वर्षं लागली. १० ऑक्टोबर १८९६ रोजी मिनर्व्हा नावाच्या संघाविरुद्ध इथे पहिला सामना झाला आणि फुलहॅमने तो ४-० असा जिंकला.

मॅचच्या दिवशी इथे पोहोचण्याचा योग्य रस्ता पटनी ब्रिज स्टेशनवरून. डिस्ट्रिक्ट लाइनच्या त्या छोट्या, उघड्या स्टेशनवर दुपारी एकपासून पांढरे-काळे मफलर उतरू लागतात. गर्दी पुलाखालून बिशप्स पार्कमध्ये शिरते. उजव्या हाताला फुलहॅम पॅलेस, लंडनच्या बिशपांचं शतकानुशतकांचं निवासस्थान. डाव्या हाताला थेम्स. भरती-ओहोटीची नदी आहे, त्यामुळे कधी पाणी कठड्याला लागलेलं असतं, तर कधी चिखल आणि दगड उघडे पडलेले. प्लेन वृक्षांच्या रांगेखालून बाप मुलांना घेऊन चाललेले असतात, आज्या नातवंडांना घेऊन चाललेल्या असतात. कोल्हापुरात मॅचला निघालेली गर्दी दुचाकीचे हॉर्न वाजवत, झेंडे नाचवत जाते. इथली गर्दी हळू आवाजात गेल्या आठवड्याच्या मॅचवर बोलत चालते. वेगळेपण एवढंच. ईर्षा दोन्हीकडे सारखी.

पार्क संपतो आणि स्टीव्हनेज रोड लागतो. विटांच्या भिंतीतल्या अरुंद दारांतून आत जायचं. दारं इतकी अरुंद की जाड कोट घातलेल्या माणसाला अंग चोरावं लागतं. १९०५ मध्ये एका वेळी एकच माणूस आत यावा, त्याचे पैसे घेतले जावेत आणि मोजणी व्हावी म्हणून ती तशी ठेवली होती. आज तिकीट फोनवर दाखवायचं असतं, पण अंग चोरणं सुटलेलं नाही. आत गेल्यावर जिने, मग एकदम समोर हिरवळ. वरच्या मजल्यावर बसायला लाकडी खुर्च्या आहेत. गोल झाला की सगळे एकदम उठतात आणि हजारो फळ्या खटाखट मिटतात. काँक्रीट-प्लास्टिकच्या स्टेडियममध्ये हा आवाज ऐकायला मिळत नाही.

छताला आधार देणारे लोखंडी खांब प्रेक्षकांच्या मधोमध उभे आहेत. काही जागांवरून गोलपोस्टचा एक भाग दिसतच नाही, मान सतत इकडेतिकडे करावी लागते. माझ्या व्यवसायाच्या नजरेने बघितलं तर ही अडचण त्या काळाची आहे. मागून पुढे झेपावणारं, खांबांशिवायचं छत तेव्हा क्लबांच्या आवाक्यात नव्हतं. पोलादी खांब आणि कैच्यांचं छत स्वस्त पडायचं, लवकर उभं राहायचं आणि ते कारखान्यांच्या बांधकामात पारखलेलं होतं. हा स्टँड बांधणारा माणूसच मुळात कारखाने बांधणारा होता.

त्याचं नाव आर्चिबाल्ड लीच. १८६५ मध्ये ग्लासगोत जन्मलेला हा इंजिनिअर सुरुवातीला सिलोनमधल्या चहाच्या कारखान्यांचे आराखडे करायचा. मग फुटबॉलमध्ये आला आणि ब्रिटनची निम्मी नामवंत मैदानं त्याच्या हाताखालून गेली. ओल्ड ट्रॅफर्ड, अ‍ॅनफील्ड, गुडिसन पार्क, हायबरी, व्हाइट हार्ट लेन, व्हिला पार्क, आयब्रॉक्स ही सगळी. पण लीचबद्दल बोलायचं तर आयब्रॉक्सपासूनच बोलायला हवं.

५ एप्रिल १९०२. ग्लासगोच्या आयब्रॉक्स पार्कवर स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. पश्चिमेकडच्या नव्या पायऱ्या लीचने आखलेल्या होत्या. पोलादी सांगाड्यावर लाकडी फळ्या टाकून जमिनीपासून उंच उचललेल्या त्या पायऱ्यांवर हजारो लोक दाटीने उभे होते. सामना सुरू असताना फळ्या तुटल्या, मोठं भगदाड पडलं आणि माणसं कित्येक फूट खाली कोसळली. २५ जण मेले, ५०० हून जास्त जखमी झाले. गर्दीत घबराट पसरू नये म्हणून सामना पुढे खेळवला गेला, १-१ असा संपला आणि नंतर अधिकृत नोंदींतून काढून टाकला गेला. लीच त्या दिवशी मैदानात होता. लाकूड निकृष्ट होतं की आराखड्यातच दोष होता, यावर वाद झाला. लाकूड पुरवणाऱ्या कंत्राटदारावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

माझ्या पेशातल्या प्रत्येकाने हे प्रकरण शिकायला हवं असं मला वाटतं. उभ्या गर्दीचं वजन स्थिर नसतं. ती डोलते, पुढे रेटते, एका क्षणी एका बाजूला झुकते. नुसता वजनाचा आकडा धरून केलेला हिशेब तिथे पुरत नाही. लीचने पुढे उंच लाकडी पायऱ्या सोडल्या. मातीच्या भरावावर पायऱ्या रचायच्या, म्हणजे खाली पोकळी नको, हा रस्ता त्याने धरला. गर्दीचा रेटा मधेच अडवणाऱ्या पोलादी कठड्यांचं पेटंट त्याने घेतलं. ते कठडे पुढे अनेक मैदानांवर लागले. आयब्रॉक्सचे मृत्यू त्याने धुऊन टाकले असं मी म्हणणार नाही. माणसं गेली ती गेली. पण त्यानंतरच्या त्याच्या कामात काळजी दिसते, आणि ती क्रेव्हन कॉटेजमध्ये बसून हाताने चाचपता येते.

फुलहॅमला लीचची गरज पडली तीही सुरक्षिततेमुळेच. इथला पहिला स्टँड इतका मोडका होता की लोक त्याला ‘सशाचं खुराडं’ म्हणायचे. लंडन काउंटी कौन्सिलने त्यावर बोट ठेवलं आणि १९०५ मध्ये नवं बांधकाम झालं. स्टीव्हनेज रोडचा स्टँड उभा राहिला आणि त्याच्या शेजारी मैदानाच्या कोपऱ्यात बाल्कनी असलेली दुमजली बंगली. तीच आज ‘द कॉटेज’ म्हणून ओळखली जाते. खेळाडू आजही त्या कोपऱ्यातून तिरके चालत मैदानात येतात आणि वर बाल्कनीत त्यांची घरची माणसं उभी असतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला गलबलून आलं. कोट्यवधी पौंडांच्या लीगमधला खेळाडू खाली उतरतो आणि वरून त्याची आई हात करते, हे फक्त इथेच दिसतं.

त्याच वर्षी या भागात आणखी एक गोष्ट घडली. जवळच स्टॅमफर्ड ब्रिज नावाचं अ‍ॅथलेटिक्सचं मैदान होतं. त्याचा मालक गस मिअर्स याने ते फुलहॅमला देऊ केलं. वर्षाला १५०० पौंड भाडं. फुलहॅमचे सूत्रधार हेन्री नॉरिस यांनी नकार दिला. मिअर्सने मग त्या मैदानासाठी स्वतःचाच क्लब काढला. तो चेल्सी. तिथेही लीचने जवळपास याच नमुन्याचा स्टँड बांधला. चेल्सीचा तो स्टँड १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडला गेला. फुलहॅमचा उभा आहे.

क्रेव्हन कॉटेजने सर्वांत मोठी गर्दी पाहिली ती ८ ऑक्टोबर १९३८ ला. मिलवॉलविरुद्ध ४९,३३५ लोक. २६ डिसेंबर १९६३ ला इप्सविचला इथे १०-१ हरवलं, आणि दोनच दिवसांनी इप्सविचने आपल्या मैदानावर ४-२ अशी परतफेड केली. १९७३ मध्ये पेले सांतोसकडून इथे खेळून गेले, तो सामना फुलहॅमने २-१ जिंकला. १८ मार्च २०१० ला युव्हेंटस आलं. पहिल्या लेगमध्ये फुलहॅम ३-१ हरलेलं, इथे दुसऱ्याच मिनिटाला पुन्हा गोल खाल्ला. तिथून ४-१. शेवटचा गोल क्लिंट डेम्प्सीचा, गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचललेला. स्टँडमध्ये शेजारी बसलेला कोणीही अनोळखी माणूस त्या रात्रीबद्दल विचारल्यावर बोलता होतो.

पण या वस्तीचा खरा लाडका जॉनी हेन्स. १९५२ ते १९७० तो फक्त फुलहॅमकडून खेळला, ६५८ सामने. इंग्लंडचा कर्णधार झाला. त्या काळी फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला २० पौंड. हजारो लोकांनी तिकीट काढून बघायला यावं असा खेळाडू मर्यादेपेक्षा एक पौंडही जास्त मागू शकत नव्हता. ही मर्यादा मोडण्याचा लढा खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांनी दिला, आणि तेही फुलहॅमचेच खेळाडू. जानेवारी १९६१ मध्ये मर्यादा गेली. क्लबचे अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हे विनोदी नट. हेन्सला १०० पौंड द्यायला मी तयार आहे, असं त्यांनी आधीच जाहीर बोलून ठेवलं होतं. त्यांनी शब्द पाळला आणि आठवड्याला १०० पौंड घेणारा हेन्स हा ब्रिटनचा पहिला फुटबॉलपटू ठरला. २००५ मध्ये हेन्स गेला, आणि शंभरी गाठलेल्या या स्टँडला त्याचं नाव दिलं गेलं.

नदीकडची बाजू पूर्वी मोकळी होती. तिथल्या पायऱ्यांवरून मागे वळलं की थेम्स दिसायची. १९७२ मध्ये तिथे स्टँड आला, त्याबरोबर कर्ज आलं, आणि पुढची पंचवीस वर्षं क्लब त्या ओझ्याखाली वाकलेला राहिला. बिल्डरांची नजर त्याच्या जमिनीवर गेली. कारण सोपं आहे. थेम्सच्या काठावरची ही जमीन लंडनमधल्या महागड्या जमिनींपैकी एक. मैदान म्हणून तिची किंमत एक, फ्लॅटसाठी दुसरीच. १९८० च्या दशकात मार्लर इस्टेट्स या मालमत्ता कंपनीच्या हातात क्रेव्हन कॉटेज, क्वीन्स पार्क रेंजर्सचं लॉफ्टस रोड आणि चेल्सीचं स्टॅमफर्ड ब्रिज अशी पश्चिम लंडनची तीन मैदानं आली. १९८७ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं की फुलहॅम आणि क्वीन्स पार्क रेंजर्स एक करायचे. म्हणजे क्रेव्हन कॉटेज रिकामं.

दोन्हीकडचे प्रेक्षक उठले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे समर्थक एकाच मागणीसाठी बोलू लागले. फुलहॅमचे लोक मैदानात उतरून बसले. जिमी हिल परत आले आणि त्यांच्या गटाने क्लब वाचवला. जमीन मात्र बिल्डरांकडेच राहिली. त्याच वर्षी स्टँड आणि कॉटेज दोन्ही संरक्षित वारशाच्या यादीत गेले, त्यामुळे परवानगीशिवाय कोणालाही त्यांना हात लावता येईना. मला वाटतं, या मैदानाच्या आयुष्यातलं सर्वांत मोलाचं वर्ष हेच. कुठल्याही कपापेक्षा मोलाचं.

संकट तरीही पुन्हा आलं. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ माणसं चेंगरून गेली. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने वरच्या विभागांतल्या मैदानांवर उभं राहून बघणं बंद केलं. फुलहॅम २००१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये आलं तेव्हा कॉटेजच्या दोन्ही टोकांना अजून उभ्याच्या पायऱ्या होत्या. २००२ ला क्लब लॉफ्टस रोडवर भाड्याने गेला आणि परत येण्याऐवजी नव्या, मोठ्या स्टेडियमची भाषा सुरू झाली. समर्थकांनी पुन्हा मोहीम उघडली, ‘बॅक टु द कॉटेज’. पत्रं, सभा, कौन्सिलकडे खेपा. २००४ मध्ये क्लब घरी परतला. इतर ठिकाणी असं झालं नाही. हायबरीचे फ्लॅट झाले, अप्टन पार्क आणि व्हाइट हार्ट लेन जमीनदोस्त झाली.

नदीकडच्या बाजूला आता नवा स्टँड उभा आहे. बांधकाम उत्तम आहे, तुळया बघत राहावं असं. पण त्याच्या छतावर पोहण्याचा तलाव आहे आणि तिकिटांचे दर सामान्य घराला झेपणारे नाहीत. समर्थकांनी त्याविरुद्ध पिवळे फलक हातात धरून निदर्शनं केली. मी त्यांच्या बाजूची आहे. मैदान वाचवणाऱ्यांच्या मुलांनाच तिकीट परवडेनासं झालं, तर वाचवलं ते कोणासाठी?

इथे एक कोल्हापूरची गोष्ट सांगायलाच हवी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधले फुटबॉलचे काही सामने क्रेव्हन कॉटेजवर झाले. भारताचा संघ इथे खेळला नाही. तो पूर्वेकडच्या इलफर्डला फ्रान्सविरुद्ध २-१ असा हरला, बहुतेक खेळाडू अनवाणी. पण त्याच ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा जाधव कुस्ती खेळले, आणि त्या कुस्त्या झाल्या अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये, फुलहॅमच्या हद्दीला लागून. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने आला होता. मातीत कसलेलं अंग, मॅटची सवय नाही, तरी फ्लायवेट गटात सहावा. चार वर्षांनी हेलसिंकीत पदक आलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. एम्प्रेस हॉल बघायला मी मुद्दाम गेले. तो पाडून तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्यालयांचा उंच मनोरा उभारला आहे. खाशाबा जिथे लढले ती जागा बोट दाखवून सांगता येत नाही. लीचचा स्टँड मात्र आहे तिथेच आहे, आणि दर पंधरा दिवसांनी भरतो.

मिनर्व्हाविरुद्धचा १८९६ चा स्कोअर आज मला सांगता येतो, कारण फुलहॅमच्या माणसांनी तो लिहून ठेवला आणि पुढच्यांनी जपला. स्टँड कोणी बांधला, कोणत्या साली, कोणत्या अडचणीतून, हे कागदावर होतं म्हणूनच तो वारशाच्या यादीत बसू शकला. कोल्हापूरकरांना माझी विनंती आहे. तालमीच्या भिंतीवरच्या जुन्या टीमच्या फोटोंमागे प्रत्येकाचं नाव आणि साल लिहा. जुन्या फायनलचे हँडबिल, पावत्या, वर्तमानपत्रांची कात्रणं एका जागी आणा. सत्तरी-ऐंशीतले खेळाडू आणि पायऱ्यांवर बसून त्यांना बघणारे प्रेक्षक अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे या महिन्यात जा, फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि तारीख घालून तालमीत ठेवा.